उद्धव एकटा अकोल्याला जातो

अमरावतीच्या एका पुनर्वसन केंद्रात नव्या कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग चाललं होतं आणि त्यांचा शेवटचा धडा होता उद्धव. मनाच्या आजारातून सावरलेल्या माणसाला मोकळं कसं सोडायचं, हे शिकवायला ट्रेनिंग देणाऱ्या अनुपमा मॅडमना एक सावरलेला माणूस हवा होता. उद्धवलाही खरंच जायचं होतं. अकोल्यात डाबकी रोडला त्याची थोरली बहीण जमुना पिठाची चक्की चालवायची. ती फोनवर म्हणाली होती, "एकटा येऊन दाखव, मंग इथंच राय अन् चक्की पाय. सोबत मानूस घेऊन आला, तं मी समजीन तू अजून बरा नाई."

"त्याच्या मागे कोणीही जायचं नाही," मॅडमनी तिघा नव्यांना बजावलं. "काळजी करत बसणं हा त्याचा नाही, आपला आजार आहे." प्रणाली, किशोर आणि यशोधन यांनी मोठ्या समजूतदारपणे माना डोलावल्या. अशा माना डोलावणाऱ्यांपासून देव वाचवो.

उद्धवचा आजार काय होता, ते सांगायलाच हवं. आपल्या मागावर माणसं आहेत, असं त्याला वाटायचं. चहाच्या टपरीवर, देवळात, न्हाव्याकडे, जिथं जाईल तिथं कोणीतरी वेष बदलून बसलेलं. त्यापायी नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. मग औषधं, डॉक्टरांची चिकाटी आणि त्याची स्वतःची जिद्द यांच्यामुळे ती माणसं हळूहळू नाहीशी झाली.

ठरल्या दिवशी उद्धव एकटा अकोल्याच्या बसमध्ये बसला. बस बडनेऱ्याच्या पुढे गेली आणि त्यानं आजूबाजूला पाहिलं. ती माणसं परत आली होती.

समोर एक शेतकरी बसला होता. धोतर, डोक्याला रुमाल आणि पायात पोपटी रंगाचे धावायचे बूट. त्याच्या पलीकडे काळा चष्मा लावून, हातात पांढरी काठी धरून बसलेला आंधळा मोबाइलवर क्रिकेट बघत होता आणि चौकार गेला की मांडीवर थाप मारत होता. खिडकीशी एक बाळंतीण तान्ह्याला थोपटत होती. तान्हं चौकोनी होतं. मागच्या सीटवर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई होती, पण मे महिन्यात वऱ्हाडातली प्रत्येकच बाई तशी दिसते, म्हणून तिला त्यानं सोडून दिलं.

आता ताईला काय सांगायचं? पुन्हा तीच खोली, तेच खिडकीचे गज? डॉक्टर म्हणायचे, घाबरलास की पुरावा बघ. त्यानं जीव मुठीत धरून पुरावा बघितला. बाळाचं दुपटं केंद्रातल्या उशीच्या अभ्र्याचं होतं आणि त्यावरचा चहाचा डाग त्यानंच पाडलेला होता. पोपटी बूट यशोधनचे. मांडीवरची थाप किशोरची.

उद्धवच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसं खरोखरच त्याच्या मागावर होती! इतकी गोड बातमी त्याला आयुष्यात कोणी दिली नव्हती. मग मात्र त्याला सणकून राग आला.

मूर्तिजापूरला बस थांबली. तिघं चहाला उतरले आणि तिथं त्यांनी एकमेकांना ओळखलं. प्रत्येकजण चोरून आला होता, त्यामुळे तिघंही एकमेकांपासून लपायला पळाले. आंधळ्यानं बाकडं ओलांडून उडी मारली. शेतकऱ्याचं धोतर खिळ्यात अडकून सुटलं. बाळंतीण बाळ बगलेत मारून रसवंतीमागे गेली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि बस हलली.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. एकट्यानं अकोला, चक्की, हक्काची खोली. उद्धवनं डोळे घट्ट मिटले. पण त्या तिघांच्या पिशव्या सीटवर पडल्या होत्या आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याला काही ते सोसेना.

"थांबवा हो!" तो ओरडला. "आमची मानसं रायली!"

"किती हायेत?" कंडक्टरनं विचारलं.

"तीन."

"तिघंही आलेत?" मागची स्कार्फवाली ताडकन उठली. "मी त्यांना बजावलं होतं!"

उद्धवनं वळून पाहिलं. "मॅडम, तुमी बी?"

"मी फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला आले," अनुपमा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्कार्फ पुन्हा नाकावर ओढला.

डाबकी रोडला जमुना पिठानं माखलेल्या हातांनी दारात उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं, मग त्याच्यामागच्या चौघांकडे.

"तू तं एकटा येनार होता. हे कोन?"

मॅडमनी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला. इतक्या लांब येऊन सगळं उंबऱ्यावरच संपणार होतं.

"नवीन हायेत, ताई," तो म्हणाला. "पयल्यांदाच बाहीर निंगाले. वाटेत चुकले असते, म्हनून संग घेऊन आलो."

जमुनानं धोतर मुठीत धरलेला यशोधन बघितला, काठी हलवत स्कोअर बघणारा किशोर बघितला आणि अजूनही उशी थोपटणारी प्रणाली बघितली. मग तिचा चेहरा कळवळला.

"अगाई! पानी पाज बापा त्याइले," ती उद्धवला म्हणाली. "संध्याकायी तूच गाडीत बसवून दे. अन् लवकर वापस येजो, चक्कीवर गर्दी रायते."