डागावरून लावलेला रंग

मी भिंत बोलतेय. आतल्या खोलीतली, पलंगामागची. समोर खिडकी आहे, ती बंद आहे. घरात सध्या कुणी नाही, म्हणून तर इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं बोलावंसं वाटतंय.

मला गवंड्याने उभं केलं आणि रंगवलं घरमालकानेच. तो पेशाने रंगारी. नवं लग्न झालेलं, बायकोला राहायला यायची घाई. तो मात्र रोज यायचा, माझ्या प्लास्टरवर तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "अजून ओल आहे." महिनाभर त्याने तिला ताटकळत ठेवलं. मग आधी प्रायमर लावला.

"हा पांढरा कशाला? आपल्याला निळा हवाय ना?" तिने विचारलं.

"नवं प्लास्टर तहानलेलं असतं. आधी याने त्याची तहान भागवायची. नाहीतर निळा पिऊन टाकेल आणि डागडाग दिसतील."

पुढे त्याने मला तीनदा रंगवलं, तेव्हा प्रायमर लावला नाही. जुना रंग धड असला आणि त्यावर त्याच जातीचा रंग द्यायचा असला की प्रायमर कशाला, असं तो म्हणायचा. त्यांची लेक डबा धरून शेजारी उभी असायची. तिने हे ऐकलं आणि अर्धंच लक्षात ठेवलं.

मग त्याला काचबिंदू झाला. काम सुटलं, हळूहळू दिसायचंही थांबलं. त्याच सुमारास बायको अंथरुणाला खिळली. दोन वर्षं ती माझ्याशी डोकं टेकून बसायची. मानेला, पाठीला मलम चोळलेलं असायचं. ते माझ्यात मुरत गेलं आणि ताटाएवढा पिवळट डाग पडला. ती गेली. डाग राहिला.

लेक दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करायची. आईनंतर घरात दोघंच उरली. ती कामावर गेली की तो पलंगावर बसून राहायचा. ती आली की "जेवलात?" "हो." "गोळी घेतली?" "घेतली." एवढ्यावर संध्याकाळ संपायची. मी दोघांच्या इतक्या जवळ होते, पण मला तोंड कुठे होतं?

तिला तो डाग बघवेना. वडील दोन दिवस काकांकडे गेले होते तेव्हा तिने साबणाने मला पुसलं आणि निळ्या रंगाचे दोन हात दिले. जुना रंग धड आहे, प्रायमर कशाला, असं स्वतःशी म्हणाली. महिन्याभरात मलम वर आलं. रंग पिवळा पडला, फुगला, त्याचे पापुद्रे सुटायला लागले.

एका सकाळी त्याच्या बोटाला पापुद्रा लागला.

"हा रंग कोणी दिला?"

लेक कामावर न्यायचा जेवणाचा डबा भरत होती. "एका रंगाऱ्याला बोलावलं होतं," ती म्हणाली.

"कामात कच्चा होता."

ती डबा उचलून कामावर गेली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो त्या रंगाऱ्याला धारेवर धरायचा. तेलकट डाग नुसता पुसून भागत नाही, हे त्याला ठाऊक नसावं. भिंत घासायचा आळस केला असेल. तो शिकला तरी कुणाकडे असेल हा धंदा? ती ऐकत बसायची, मधूनच "हं" म्हणायची. मला तिची कीव यायची.

असे दोन महिने गेले. एकदा ती कामावरून आली आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता म्हणाली, "बाबा, तो रंगारी मीच होते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बोटांना लागल्या त्या ब्रशच्या रेघा डाव्या हाताच्या आहेत. आपल्यात डावखुरी तू एकटीच."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "मग बोलला का नाहीत? रोज मला शिव्या घालत होतात."

त्याने माझ्यावरचा एक पापुद्रा चाचपला. "त्या रंगाऱ्याचा विषय काढला की तू थोडी जास्त वेळ बसायचीस."

पुढच्या रविवारी दोघांनी मला हातात घेतलं. तो तळव्याने तपासायचा, ती पत्र्याने खरवडायची, काचपेपर मारायची.

"इथे रंगाखालची पुट्टी उघडी पडली आहे, प्रायमर लागेल. डागावर तेलाचा प्रायमर, पाण्याचा नको, नाहीतर तो पुन्हा वर येईल. बाकीची भिंत धड आहे, तिला नुसता रंग दे."

"आणि चकचकीत रंग असला तर?"

"आधी घासून त्याची चमक मारायची, मग प्रायमर. निसरड्यावर काही टिकत नाही."

डागाशी येऊन तिचा हात थांबला. "बाबा, आई इथेच टेकायची. हे झाकायचं?"

"हे मलम आहे गं, आई नाही," तो म्हणाला. मग ब्रश मागून घेतला. "एवढं मी करतो."

त्याने तेवढी जागा सावकाश, कडेपासून आत आत येत भरली. मध्ये एकदा कपाळ टेकवायला वाकला होता, पण ओलं आहे हे आठवून मागे सरला. सुकल्यावर दुसरा हातही त्यानेच दिला. निळा मात्र तिने लावला.

त्यानंतर पाच महिने या खोलीत बोलणं होतं, एकदा तर चक्क भांडणही झालं. मग तिची बदली झाली. ती त्याला बरोबर घेऊन गेली, ते बरंच झालं. माझ्या निळ्याला तडा नाही, डाग वर आलेला नाही. मागच्या आठवड्यात एजंट एका जोडप्याला घेऊन आला होता. दारातूनच बाई म्हणाली, "रंग तर नवाच दिसतोय." एजंट म्हणाला, "मग आत काही बघायला नको." त्यांनी दार ओढून घेतलं.

तुमच्याकडे रंगाचं काम निघालं तर डबा फोडण्याआधी भिंतीवर एकदा हात फिरवा. ओल असेल तर थांबा. पावडर लागली, तेलकट लागलं, पापुद्रा सुटला तर प्रायमर लावा. आणि घरात कुणी जाणतं असेल तर त्यालाही विचारा, तुम्हाला सगळं येत असलं तरी विचारा. त्या निमित्ताने तुम्ही घटकाभर त्याच्याजवळ बसाल.