खादाड भावाची बहीण

मी बोलतेय, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरणीतून. नीट पाहिलंत तरच दिसेन, कारण मीही काचेसारखीच आरपार आहे. लोकांची नजर आधी माझ्या भावाकडे जाते. तो लालभडक.

आमचा जन्म खोल समुद्रातला, जिथे ऊन पोचत नाही. आम्ही सगळी भावंडं एकाच अंड्यातून आलो आणि एका लांब दोरीला जन्मभर चिकटून राहिलो. कामं वाटलेली होती. कुणी डंख मारायचा, कुणी वंश वाढवायचा. मी घंटेच्या आकाराची. पाणी आत घ्यायचं, जोरात बाहेर टाकायचं आणि अख्खं खटलं पुढे ओढायचं, हे माझं काम. दादाचं काम एकच, खायचं. मला तर तोंडही दिलेलं नाही. त्याने गिळलेलं जिरलं की थोडं दोरीतून माझ्याकडे यायचं. राबायचं मी आणि मिटक्या मारायच्या त्याने. पोटात दुखायला मला पोट नव्हतं, तरी दुखायचं.

मग एकदा जाळं आलं. आम्ही फार नाजूक, वर येईपर्यंत दोरीचे तुकडे झाले. जहाजावरच्या लोकांनी हाती लागेल तो तुकडा वेगळ्या बरणीत भरला. इथल्या बाईंनी मला भिंगाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "हा वेगळाच प्राणी दिसतोय." माझ्या बरणीवर माझं स्वतःचं नाव लागलं. खरं सांगते, इतकी खूश मी समुद्रातही कधी नव्हते.

बाईंच्या पुस्तकासाठी चित्रं काढायला त्यांची धाकटी बहीण येते. राबायचं हिने आणि पुस्तकावर नाव ताईचं, म्हणून ती मला पहिल्यापासून आपली वाटायची. काल तीच उलटली.

"ताई, ह्याला तोंड कुठे काढू?"

"असेल बघ खालच्या बाजूला."

"नाहीये. मग हा खात काय होता?"

धाकटीने दादाची बरणी उचलून माझ्या शेजारी उजेडात धरली. "हे बघ, इथे तुटलेलं टोक आहे आणि ह्या लालवाल्याला दोरीचा तुकडा. हे एकच जनावर आहे गं."

"म्हणजे माझा नवा प्राणी गेला," बाई म्हणाल्या. बराच वेळ त्या भिंगातून बघत बसल्या. मग म्हणाल्या, "परत काढ. ह्या वेळी खाली तुझं नाव घालूया."

तिला नाव मिळालं आणि माझं ओल्या फडक्याने पुसलं.

आता मी दादाच्याच बरणीत आहे. त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्याचं तोंड उघडं आहे आणि आत काहीही नाही. शेवटचं त्याने काय खाल्लं होतं ते मला आठवतं, कारण ते माझ्यापर्यंत पोचलं होतं. क्षणभर वाईट वाटलं.

पण धाकटी चित्राला बसलीय आणि तिने आधी लाल रंगच कालवलाय. धाकटे, मला रंग नको, नावही राहू दे. फक्त मला पुढे काढ आणि त्याला माझ्या मागे. आम्ही तसेच जायचो.