वर दुमडलेला होका

मी एक जुना होका आहे. पुस्तकात मला होकायंत्र म्हणतात. विमान चालवतात त्या खोलीत मात्र हल्ली मला कोणी काहीच म्हणत नाही. मित्रांनो, समोरच्या दोन काचांमधल्या खांबाच्या डोक्याशी मला दुमडून ठेवलेलं असतं, नाक छताला टेकवून.

माझा जन्म एका लख्ख पांढऱ्या खोलीत झाला. एका बाईंनी माझ्या पोटात तेल भरलं, बुडबुडा राहिला नाही ना ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "झालास तयार! आता खोटं बोलू नकोस हं." मी ते मनावर घेतलं. दिशा दाखवायला मला वीज लागत नाही. मी कुठे किती चुकतो, तेही माझ्याखालच्या पट्टीवर लिहिलेलं आहे. वैमानिकांसमोरच्या, विजेवर दिशा दाखवणाऱ्या त्या रंगीत पडद्यांनी लावली आहे का कधी अशी पट्टी?

पडदे दोन. डावा कप्तानांचा, उजवा सहवैमानिक बाईंचा. सुरुवातीला उड्डाणाआधी मलाही खाली ओढून विचारत असत. पण पडदे वर्षानुवर्षं जुळत राहिले आणि मला विचारायची सवयच मोडली.

एका सकाळी ढग खूप खाली आले होते. आमचं विमान उड्डाणासाठी धावपट्टीच्या टोकाशी उभं होतं. धावपट्टीवर तिची दिशा भल्यामोठ्या आकड्यांत रंगवलेली असते. बाईंचा पडदा तिच्याशी जुळत होता, कप्तानांचा थोडा हुकत होता.

"सर, तुमचा पडदा वेगळं दाखवतोय."

"अगं, जमिनीवर होतं असं. वर गेलं की जुळेल."

मला खाली ओढा की! मी आतल्या आत चरफडत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

विमान उडालं, ढगात शिरलं आणि डावीकडे वळू लागलं. पडदे जुळायचे राहिले बाजूला, फरक वाढतच गेला. कप्तानांचा पडदा म्हणत होता, अजून वळा. बाईंचा म्हणत होता, पुरे, पुढे डोंगर आहे. बाहेर पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नव्हतं, आणि मागे माणसांनी भरलेलं विमान होतं.

"सर, वळण थांबवा. तुमचा चुकतोय."

"तुझा बरोबर कशावरून?"

खालच्या नियंत्रकांना विचारावं, तर रेडिओवर दुसऱ्याच विमानाचं बोलणं चाललं होतं, मध्ये बोलायला जागा नव्हती. बाईंनी हात वर केला आणि मला खाली ओढलं. माझी तबकडी डोलत होती.

"हे बघ, हे तर झोकांड्या खातंय! ठेव ते वर."

माझा असा संताप झाला! वळणात मी डोलतो, हे त्यांना शिकाऊ असतानाच शिकवलेलं असतं.

"सर, आधी पंख सरळ करा. मग ते थांबेल."

कप्तानांनी ओठ आवळले, पण विमान सरळ केलं. माझी तबकडी हळूहळू स्थिरावली. मी बाईंच्या पडद्याशी जुळत होतो.

"तुझा बरोबर आहे," कप्तान म्हणाले. "तू चालव."

बाईंनी विमान उजवीकडे वळवून वर काढलं. क्षणभर ढग फाटला. डावीकडे डोंगराचा उतार होता, त्यावरची झाडं वेगवेगळी दिसत होती. कप्तान त्या झाडांकडे बघतच राहिले. मग ते बाईंना "थँक यू" म्हणाले. मला कोणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञांनी डाव्या पडद्यामागची बिघडलेली पेटी बदलली. तेच कप्तान आले. मी अजून खालीच होतो. त्यांचा हात माझ्याकडे आला आणि मला भरून आलं. त्यांनी रुमालाने माझी काच पुसली, अगदी मायेने. मग पडद्यांकडे पाहिलं, "आज जुळतायत," म्हणाले आणि मला वर दुमडून टाकलं.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, पण मला विचारत जा. काल पडदे भांडले म्हणून माझी आठवण झाली. उद्या दोघंही मिळून चुकले, तर भांडण होणारच नाही. मग माझ्याकडे हात कोण नेणार?