उधाणाची अठरा मिनिटे

आश्विनातले माध्यान्ह. ऊन कसे, तर नुकत्याच घासलेल्या पितळेसारखे, लखलखीत आणि थोडे उद्धट. कोजागरीच्या चंद्राने जागवलेले पाणी अजून निजले नव्हते. नीलश्यामल, फेनधवल, ते चढत होते, चढतच होते.

गोदीच्या उतारावर ती उभी होती. नवी युद्धनौका. धूसरवर्णा, तीक्ष्णनासिका, तीन वर्षे ठिणग्यांत न्हालेली, आणि समुद्राचा एक थेंबही न चाखलेली.

समोरच्या धक्क्याला जुनी. छत्तीस वर्षांची, गंजरक्त, कालवांनी लगडलेली, निवृत्तीची वाट पाहणारी. रंगावर रंग चढवून तारुण्य टिकवणारे मंडपातही पुष्कळ होते. जुनी निदान वय लपवत नव्हती.

मंडप फुलला होता. पहिल्या रांगेत पदके. दुसऱ्या रांगेत पैठण्या. तिसऱ्या रांगेत, पहिल्या रांगेत बसायचे होते ते.

आणि ध्वनिक्षेपकासमोर प्रमुख पाहुणे दादासाहेब: शब्दसमृद्ध, हारभारित, वेळेच्या बाबतीत उदार. शेजारी त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई. मांडीवर झेंडूने मढवलेला नारळ. तो त्यांनी नौकेवर वाढवायचा, मगच नौका सोडायची. असा रिवाज.

खाली, नौकेच्या सावलीत, फोरमन रघुवीर कांदळगावकर घड्याळ पाहत होता. तिच्याखालचे ओंडके सकाळपासून एकेक करून काढले होते. आता ते सारे पोलादी ओझे चरबी माखलेल्या घसरणीवर आणि शेवटच्या दोन टेकूंवर तोलून होते. भरतीचा माथा एक वाजून सहा मिनिटांनी. पुढे अठरा मिनिटे पाणी थबकते, मग फिरते. उशिरा सोडावी, तर ती गाळात रुतणार. थांबवावी, तर पुढचे उधाण अमावास्येला. आणि तोवर ओंडके परत बसवायला त्या ओझ्याखाली माणसे सरपटत पाठवायची. चार माणसे. चौघांची घरे रघुवीरने पाहिली होती.

"रघुभाऊ," त्या चौघांतला वेल्डर इस्माईल घाम पुसत म्हणाला, "साहेब आत्ता कुठे शिवकाळातल्या आरमाराशी पोचलेत. स्वातंत्र्य मिळायचंय अजून."

"तोंड मीट. इंग्रज यायच्या आत संपलं, तर नवस फेडीन."

संपले नाही. इंग्रज आले. रघुवीरने वर चिठ्ठी पाठवली. ती पहिल्या रांगेत हातोहात फिरली आणि शेवटच्या पदकापाशी घडी होऊन बसली. तोफांपुढे उभी राहिलेली माणसे ती. भाषणापुढे कोण उभा राहणार?

एक वाजून एकवीस. पाणी काचेसारखे, निश्चल, तटस्थ. शब्द चढत होते. पाणी चढत नव्हते.

कुमुदिनीबाई भाषण ऐकत नव्हत्या. चाळीस वर्षांत त्यांनी चेहऱ्याने ऐकायला आणि डोळ्यांनी दुसरीकडे जायला शिकून घेतले होते. आचऱ्याच्या खाडीकाठचे ते डोळे. नौकेच्या कडेने, उतारापलीकडे, सकाळच्या पूजेतल्या झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. मघापासून त्या काठाशीच डुलत होत्या. आता निघाल्या होत्या. हळू, केशरी, निःशब्द, समुद्राकडे.

त्या उठल्या. त्यांना वाटले, आपण नवऱ्याच्या कानात बोलतो आहोत. ध्वनिक्षेपकाला तसे वाटले नाही.

"अहो, पुरे. पाणी उतराक लागला."

"एकच मुद्दा राहिलाय—"

"मुद्दो ऱ्हवांदे. बोट जावंदे."

हसू उठले ते तिसऱ्या रांगेतून. पदकांपर्यंत पोचेतो त्याला खोकल्याचे रूप आले होते. तोवर नारळ आदळला होता, शुभ्रशकल, जलविमल. रघुवीरचा हात खाली आला. घणाचा एक घाव. दुसरा घाव. टेकू कोसळले, चौघे बाहेर धावले.

आणि काहीच झाले नाही.

एक श्वास. दोन श्वास. इस्माईलचे ओठ हलत होते. त्यांवर आता विनोद नव्हता. दादासाहेब, आयुष्यात प्रथमच, घड्याळ पाहत होते.

मग पोलादाच्या पोटातून एक दीर्घ, मंद्र, गर्भस्थ हुंकार आला. वीतभर ती सरकली. हातभर. आणि निघाली, धावली, चरबीतून धूर, धुरातून वेग, वेगातून ती मेघमंथरा एकाएकी विद्युल्लता झाली. पाणी दुभंगले. ती बुडाली, बुडाली, आणि उठली. तिच्या लाटेने धक्क्यावरची जुनीही क्षणभर डोलली.

कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी फोटो काढले, कोणी दादासाहेबांचे अभिनंदन केले. रघुवीरने माणसे मोजली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजली. मग उकिडवा बसला, जसा घरच्या अंगणात बसत असेल.

जिथे तीन वर्षे पोलादाची भिंत होती, तिथे आता समुद्र दिसत होता: रुंद, उजळ, अनावृत. सावलीला सरावलेली ती पाच माणसे कपाळावर हात आडवा धरून उन्हात पाहत राहिली. आणि त्यांच्या पायांपासून जळल्या चरबीच्या दोन धुरकट, काळ्याभोर रेघा उताराने खाली जात होत्या, पाण्यात शिरत होत्या, पाण्याखाली उतरत होत्या, उतरत, उतरत, दिसेनाशा होत.