चंद्रीची धाव

एचआरच्या अक्षतानं उदयसिंहांचा आवाज बंद केला. त्यांनी तो लगेच चालू केला.

"मॅडम, सणासुदीला तरी आमचं तोंड दाबू नका," ते म्हणाले, आणि पडद्यावरच्या बावीस चौकटींत जपून हसणं पसरलं.

शिरोलीतल्या त्या फौंड्रीत कोविडपासून ही पद्धत पडली होती. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी चारला सगळ्यांनी ऑनलाइन जमायचं आणि आपल्या घरची एखादी अजब चाल सांगायची. मालक जिनपालअण्णा पुण्याहून हजर राहत, म्हणून सगळेच हजर राहत. स्टोअरच्या वृषभनं आजोबांची सांगितली: देवळात महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवून आले की वर्षभर ज्याच्याशी अबोला, त्याच्याच दारात ते पहिला चहा प्यायचे. न बोलताच.

अक्षता हसली नाही. उदयसिंहांचा तिसरा मेसेज आला होता: गुंडूचं पत्र आजच काढा.

भट्टीवरचा गुंडू दोन वर्षं सातच्या पाळीला साडेसातला यायचा. कुणी चकार शब्द काढला नव्हता. दसऱ्यानंतर तो वेळेवर यायला लागला, आणि नेमका तेव्हाच प्रॉडक्शन मॅनेजर उदयसिंहांनी जुन्या हजेरीचा तक्ता बाहेर काढला. अक्षतानं तीनदा कारण विचारलं. तिन्ही वेळा उदयसिंह शेजारी उभे होते, आणि गुंडू "घरची अडचण" एवढंच म्हणाला. कामावरून काढल्याच्या पत्रावर आता फक्त तिची सही राहिली होती.

उदयसिंहांची पाळी आली. ते कसबा बावड्यात, पाडव्याला म्हशी पळवतात त्या रस्त्यात होते. सायलेन्सर काढलेली बुलेट, मागं शिंगं रंगवलेली म्हैस चंद्री, आणि फोन बायकोच्या हातात.

"अण्णा, आता बघा. जो वैरण घालतो, त्याच्याच गाडीमागं म्हैस पळती. दुसऱ्याच्या न्हाय. पोटच्या पोरीवाणी सांभाळलीय हिला."

बुलेट धडधडत पन्नास पावलं गेली. चंद्री जागची हलली नाही. ते माघारी आले, पुन्हा गेले. ती रवंथ करत राहिली.

"पावणं, आधी तिच्याशी वळख तरी करून घ्या की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात एक जुनी एम-एटी दुचाकी फटफटत पलीकडून गेली. चंद्रीनं कान टवकारले, दावं हिसडलं आणि तिच्यामागं धूम ठोकली. उदयसिंहांची बायकोही फोनसकट धावली. पडद्यावर आभाळ, पायताणं, नऊवारीचा काठ. मग चित्र स्थिरावलं. गाडीवर गुंडू होता. चंद्री त्याच्या खांद्याला तोंड घासत होती आणि तो तिला ढकलत होता.

"गुंडू, ही तुझ्यामागं कशी आली रं?" अण्णांनी विचारलं.

गुंडूनं आधी मागं वळून पाहिलं. "सायबांच्या गोठ्यात हिची वैरण, धार करायला जात हुतो, अण्णा. दसऱ्याला सोडलं."

"किती वाजता जायचास?"

"साडेसहाला."

उदयसिंह धापा टाकत पोचले. मुक्या जनावराचं काय मनावर घ्यायचं, असं काहीतरी म्हणाले. अण्णांनी चष्मा पुसला. सीझनच्या ऑर्डरी उदयसिंहांच्याच हातात होत्या.

"पुढं चला," अण्णा म्हणाले. "अक्षता, तुमच्यातली चाल सांगा."

अक्षतानं समोरचं पत्र उपडं ठेवलं.

"आमच्यात पाडव्याला कुणाला कामावरनं काढत न्हाईत."

"ही चाल कधीपासनं?" उदयसिंहांनी विचारलं.

"आजपासनं," ती म्हणाली. "आणि उद्या भाऊबीज हाय."