मूळ आकारातला फोटो

ताईने फोटो लहान करायला शिकवणारा क्लास लावला, तेव्हा मी तिची यथेच्छ टर उडवली. शिवलेल्या पिशव्या नेटवर विकायचं तिच्या डोक्यात होतं, आणि फोटो इतके जड की ते उघडेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं व्हावं. क्लास ऑनलाइन, फुकट, कोणालाही खुला. सरांची पद्धत अशी की मूळ फोटो आणि लहान केलेला, दोन्ही ग्रुपवर टाकायचे. मग सगळ्यांनी एकमेकांच्या फोटोंवर हात साफ करायचा.

मी ताईकडे लपून राहते. नवऱ्याला पत्ता लागला तर तो मला जिवंत सोडणार नाही. हे मी उगाच म्हणत नाही, त्याने तसं तोंडावर सांगितलंय आणि तो शब्दाचा पक्का आहे. म्हणून मी गॅलरीत जात नाही, फोटोत येत नाही.

आज सहज ताईचा गेल्या आठवड्याचा गृहपाठ उघडला. खिडकीत लटकवलेली निळी पिशवी. मूळ फोटो बोटांनी ताणला. कपाटाच्या आरशात मी होते, हातात चहाचा कप. खिडकीबाहेर समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी, फोन नंबरासकट.

"ताई, यात मी दिसतेय, हा फोटो आधी काढून टाक."

"अगं, तू कुठे दिसतेस त्यात? मी लहान करून टाकलाय."

"मोठाही टाकलायस."

ताईचा चेहरा उतरला. तिने तो लगेच काढला, पण सरावासाठी कितीतरी जणांनी आधीच उतरवून घेतला होता. कोणी पिशवी उजळली होती, कोणी तिरकी केली होती. 'शिकाऊ' नावाच्या एकाने मात्र पिशवी वगळून फक्त आरसा कापला होता. चौकटीत नेमका माझा चेहरा. खाली सरांची शाबासकी: "कापणी अचूक. बाकीच्यांनी यातून शिकावं." त्यानंतरचा त्याचा गृहपाठ म्हणजे दुकानाची पाटी.

"तोच आहे," मी म्हटलं. "तुझी शिलाई तो ओळखतो."

मी धावत जाऊन पडदे ओढले. ताईने बॅग काढली. "मावशीकडे जाऊ. मागच्या जिन्याने." आम्ही हाताला येतील ते कपडे कोंबत होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ग्रुपवर शिकाऊचा नवा फोटो आला होता, एक करडी इमारत, अगदी बारीक.

"नेटवरून उचलला असेल," ताई म्हणाली.

खाली त्याने लिहिलं होतं: "सर, हा आत्ताच मी स्वतः काढला. मूळ आकारातही टाकतोय."

मी मूळ फोटो ताणला. आमची खिडकी. अर्धवट ओढलेला पडदा, त्यावर एक हात, पिवळ्या स्वेटरची बाही. ताईचा तो स्वेटर अजून माझ्या अंगात होता.

तेवढ्यात सरांचं उत्तर आलं. "छान. फक्त लांबून घेतलाय. पुढचा जरा जवळून काढा."