खरं सांगणारी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी, एका पानाची वेबसाइट आहे. माझ्यात लिहायला एक चौकट आहे आणि तिच्याखाली ‘खरं सांग’ असे एकच बटण. एवढासा जीव, पण तोरा मोठा!

माझा जन्म वाट पाहण्यातून झाला. मला बनवणारी ताई दातांच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा देण्याचे काम करते आणि हौस म्हणून वेबसाइट बनवते. एका सुट्टीच्या दिवशी तिचा भाऊ, म्हणजे दादा, जेवायला येणार होता. फोनवर तो ‘निघालोच!’ म्हणाला, आणि ताईने ओळखले की स्वारी अजून टॉवेलवरच आहे. तिने लॅपटॉप उघडला. दादा दारात उभा राहीपर्यंत मी तयार झालेसुद्धा!

माणसे बोलतात एक आणि त्यांच्या मनात असते दुसरेच. ते दुसरे सांगणे हे माझे काम. ‘निघालोच’ लिहिले की मी म्हणे, ‘अजून अंघोळ व्हायची आहे.’ ‘तसं काही नाही’ म्हणजे ‘तसंच आहे.’ ‘मला काही नको’ म्हणजे ‘तुझ्या ताटातलं चालेल.’ त्यांच्या आत्याने मला ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवले. हजारो माणसे पोट धरून हसली. दादाही हसला, अंमळ उशिरा.

माझ्या यादीत नसलेले वाक्य आले, तर काय करायचे? ताईने घाईत एक सोय करून ठेवली होती. अशा वेळी मी सरळ ‘म्हणजे नाही!’ असे ठोकून देई. त्यावरही लोक हसत. पुढे नव्याची नवलाई संपली आणि मला कोणी विचारीनासे झाले. ताईसुद्धा मला विसरली.

मग एके दुपारी ताई-दादाच्या बाबांची छातीची शस्त्रक्रिया होती. दवाखान्यात ताईची जागा सांभाळायला कोणी मिळेना, म्हणून तिला येता आले नाही आणि दादा एकटाच शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसून होता. जिवाला चैन नव्हते. जरा हसू येईल म्हणून त्याने मला उघडले आणि हळूच लिहिले, ‘बाबा बरे होतील.’

मी म्हणाले, ‘म्हणजे नाही!’

त्याने ताईला फोन लावला. “‘बाबा बरे होतील’ लिहिलं, तर तुझी ती वेबसाइट नाही म्हणतेय बघ!”

ताई म्हणाली, “अरे, ती खुळी आहे! तिला ठाऊक नसलं की ती नाही म्हणते.”

“मग ठाऊक नाही म्हणायला शिकव ना तिला!”

समोर रुग्ण खोळंबले होते. ताईने उभ्याउभ्याच मला दुरुस्त केले. दादाने पुन्हा तेच वाक्य लिहिले. मी म्हणाले, ‘मला ठाऊक नाही.’ त्याने ते दोनदा वाचले, फोन खिशात ठेवला आणि तो शांतपणे वाट पाहत बसला. संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. त्यात माझा काही वाटा नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

मित्रांनो, गंमत म्हणून काही बनवाल तर जरूर बनवा, पण बनवून वाऱ्यावर सोडू नका. हसायला आलेल्यांत एखादा घाबरलेलाही असतो. माझी बाकीची सगळी उत्तरे ताईने हसत लिहिली. ‘मला ठाऊक नाही’ हे एकच तिने डोळे पुसत लिहिले, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त अभिमान आहे.